पाचवी रांग, सातवी चौकट

रविवार, ३ मार्च

नाही म्हणता आलं नाही. परत एकदा.

अण्णांचा फोन आला तेव्हा मी कपडे भिजवत होते. "वंशावळ करायची आहे. पूर्ण. एकाच कागदावर, भिंतीवर लागेल अशी. हल्ली कॉम्प्युटरवर होते म्हणे. तुला जमेल." विचारलं नाही, सांगितलं. बारा वर्षं मी त्यांची सून होते. आता नसल्यालाही अकरा वर्षं झाली. त्यांच्या आवाजाला त्याची खबर नाही.

म्हटलं, मुलाला सांगा की. तर म्हणाले, "त्याला त्याच्या आत्याच्या नवऱ्याचं नाव विचार, डोकं खाजवत बसेल."

हे मात्र खरं. कोणाचा वाढदिवस कधी, कोणाचं ऑपरेशन कुठे झालं, कोणाची बदली कुठे, त्या घरातलं सगळं मीच लक्षात ठेवायचे. घटस्फोटाच्या वेळी कपाटाच्या किल्ल्या परत केल्या. ही माहिती कुठे परत करायची ते कोणी सांगितलं नाही, म्हणून राहिली माझ्याकडेच.

एकोणीस मेला अण्णांना ऐंशी पूर्ण होतात. तोवर हवी आहे. मी आठवडाभर हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममध्ये फायली लावते, आता रविवारी माणसं लावायची. माई गेल्यापासून म्हातारा एकटा राहतो, म्हणून जीव ओढतो असं आपलं म्हणायचं. खरं म्हणजे नाही म्हणायला कारण शोधावं लागतं आणि तेवढंही अंगात त्राण नव्हतं.

रविवार, १० मार्च

दोन बस बदलून गेले. अण्णांनी दार उघडून "कोण?" विचारलं. समोर उभी होते मी! "मी" म्हटल्यावर म्हणाले, "मग ये ना, उभी का?"

खोलीत अंधार. दिवा लावला तर म्हणाले, दिवसा कशाला. कोपऱ्यात आठवड्याभराचे पेपर घडीसुद्धा न मोडलेले. "वाचत नाही का हल्ली?" "तेच तेच असतं." माई गेल्यापासून माणसाचा रसच गेलाय सगळ्यातला. चहा मात्र हट्टाने स्वतः केला. कपाच्या आत बोट धरून ओततात, माईंनी हे एक मिनिट चालू दिलं नसतं.

कागद वगैरे काही काढला नाही. भिंतीकडे तोंड करून बसले आणि सांगत गेले, मी टाइप करत गेले. पणजोबांपासून सुरुवात. एकशे सतरा माणसं, एकदाही अडखळले नाहीत. पस्तीस वर्षं पोस्टात पत्रांची छाननी केली आहे, कुठल्या गावाचं पत्र कुठल्या खणात, हे हाताला पाठ. माणसंसुद्धा तशीच सांगतात. "तिसरी रांग, डावीकडून पाचवा. हा लवकर गेला."

माझी पाठ धरली आहे. उद्या लवकर उठायचंय.

गुरुवार, १४ मार्च

फुकटात मिळणारा एक प्रोग्राम उतरवून घेतला. हिरव्या रंगाचा. नावं भरायला सोपा, पण छापताना सगळी जोडाक्षरं फोडतो. अर्ध्या घराण्याचे पाय मोडले. अक्षराचा साचा बदलल्यावर सुधारलं. पण हा एकसंध छापतच नाही, छोटी छोटी बावीस पानं देतो आणि म्हणतो चिकटवा.

ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत चिकटवलं. शेजारच्या टेबलावरची म्हणाली, कोणाच्या घराण्याची? माझ्या तोंडून "आमच्या" गेलं, मग मान खाली घालून पुढचं पान चिकटवलं.

रविवार, १७ मार्च

नापास. अण्णांनी कागदावरून हात फिरवला आणि म्हणाले, "सांधे लागतात." अहो, भिंतीवर कोण हात लावून बघणार आहे? "सांधे नकोत." विषय संपला.

मग म्हणाले, "वाच आता." तुम्हीच तपासा ना, म्हटलं, चुका तुम्हाला कळतील. "चुका कानाला कळतात." सगळं वाचलं. परत वाचायला लावलं. घसा बसला.

रविवार, ३१ मार्च

मधला एक रविवार चुकवला, ताप होता. अंगावर पांघरूण घेऊन दुसरा प्रोग्राम शिकले. फार देखणा आहे. मध्ये अण्णा आणि भोवती अर्धवर्तुळात पिढ्या, उघडलेल्या पंख्यासारख्या, प्रत्येक पिढीला वेगळा रंग. मला स्वतःलाच बरं वाटलं बघून. खूप दिवसांनी काही छान केलंय असं.

अण्णांपुढे ठेवला. डाव्या कडेवरून बोटं फिरवली. "रांगा कुठे आहेत?"

रांगा नाहीत, गोल आहे. बघा ना किती सुंदर दिसतंय.

"मला गोल नको. सरळ रांगा. सगळ्या डाव्या कडेला धरून सुरू झालेल्या. चौकट चार बोटं रुंद, सगळ्या सारख्या."

अक्षर मोठं करू का विचारलं, तर "कर हवं तेवढं," असं म्हणाले, जणू त्याच्याशी त्यांचा संबंध नाही. रंगांचं नावसुद्धा काढलं नाही. बसमध्ये डोळ्यांत पाणी आलं, उगाच. थकल्यावर होतं असं.

रविवार, ७ एप्रिल

त्याच प्रोग्राममध्ये सरळ रांगांचीही सोय सापडली. लावून नेलं. आज अण्णा खुशीत होते, अर्धं पाठ म्हणून दाखवलं, "दुसऱ्या रांगेत सहा, तिसऱ्यात चौदा." तेवढ्यात आत्याचा फोन. आत्या म्हणजे अण्णांची धाकटी बहीण, पंचाहत्तरीची, जीभ पंचविशीची. तिला पणतू झाला! मी लगेच चौकट वाढवली आणि प्रोग्रामने आपणहून सगळ्यांना इकडेतिकडे सरकवलं. कोणी चौथा होता तो सहावा झाला.

मी नवा क्रम वाचायला लागले तर अण्णा एकदम चिडले. बारा वर्षांत माझ्यावर आवाज चढवला नव्हता. "एक पोर जन्मलं की सगळं गाव हलतं का? जो जिथे आहे तो तिथेच राहिला पाहिजे! नाहीतर काय उपयोग?"

मलाही राग आला. दुसरं कोणी शोधा म्हटलं. पिशवी उचलली. दाराशी ऐकू आलं, "अगं, दुसरं कोण आहे?"

परत आत आले. चहा केला. कप त्यांच्या हातात दिला तर धरण्याआधी हवेतच चाचपडले. हात कापायला लागलेत आता.

शनिवार, २० एप्रिल

तिसरा प्रोग्राम. दिसायला वीस वर्षांपूर्वीच्या सरकारी फॉर्मसारखा. पण त्यात प्रत्येक रांगेला ठरलेले खण असतात, माणूस जिथे ठेवाल तिथे राहतो, नवीन आला तर रांगेच्या शेवटी उभा राहतो. पाच रात्री, म्हणजे जेवणानंतर तासतासभर, एकशे अठरा माणसं परत भरली. डोळे चुरचुरतात. या कामाने माझ्या चष्म्याचा नंबर वाढणार.

रविवार, २१ एप्रिल

पसंत! "हाच. एवढे दिवस कुठे होता हा?" वाटलं, आता सुटले.

पण नाही. पाचव्या रांगेपाशी थांबवलं. "सहावा धाकट्या भावाचा मुलगा. सातवी तू. आठवा माझा मुलगा. नववी त्याची बायको."

म्हटलं, अण्णा, माझी चौकट नाही त्यात. मी घातलेलीच नाही.

"मग घाल."

मोडलेल्या लग्नाला हा प्रोग्राम तुटक रेघ देतो. लोक बघतील.

"रेघ कशी का येईना. पूर्ण म्हणजे पूर्ण."

घातली. तो मध्ये, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला नवी. नवी म्हणते मी अजून तिला, तिच्या लग्नाला आठ वर्षं होऊन गेली. एक मुलगी आहे, सहाव्या रांगेत.

रविवार, १२ मे

शेवटचा नमुना नेला. अण्णांनी दाढी अर्धवट केली होती, डाव्या गालावर पट्टाच राहिलेला. सांगितलं तर हसले.

सातव्यांदा वाचून घेतलं. मग जमिनीवर कागद पसरून गुडघ्यांवर बसले आणि कडेपासून चार चार बोटं मोजत प्रत्येक चौकटीवर हात ठेवून माणूस सांगत गेले. पहिल्या रांगेपासून शेवटच्यापर्यंत. एकही चूक नाही. "त्या दिवशी सगळ्यांना असं सांगणार आहे," म्हणाले. लहान मुलासारखे खूश. मी भिंतीला टेकून डुलक्या घेत होते. म्हटलं, छान, छान.

बुधवार, १५ मे

त्याचा फोन. अण्णांच्या मुलाचा. वर्षातून दोनदा येतो, तोही कामापुरता.

"झालं का ते तक्त्याचं?"

"परवा छापायला टाकते."

"बरं. अं... तिचे आईवडीलही येणार आहेत रविवारी. आणि मुलगी आता वाचायला लागलीये. विचारेल."

"मला काढ म्हणतोयस?"

"मी तसं कुठे म्हटलं?"

"मग काय म्हणतोयस?"

"काही नाही. बघ तू."

बारा वर्षं मी हे "बघ तू" ऐकलं. राग येईल असं वाटलं होतं. आला नाही, नुसतं दमल्यासारखं झालं. मलाच कुठे हौस होती त्या चौकटीची?

शुक्रवार, १७ मे

दुपारी अर्धी रजा टाकून मोठे नकाशे छापणाऱ्याच्या दुकानात गेले. तिथल्याच कॉम्प्युटरवर फाइल उघडली आणि मला काढलं. प्रोग्रामने विचारलं, खण रिकामा ठेवायचा की रांग सरकवायची? रिकामी चौकट दिसली असती तर जो तो विचारत बसला असता, इथे कोण होतं. रांग सरकवली. एका क्षणात बंद झालं भोक, कोणाला कळणारही नाही.

दुकानदार म्हणाला, "एवढी माणसं? यात तुम्ही कुठे?"

म्हटलं, मी फक्त टाइप करणारी.

सोमवार, २० मे

काल लिहिणं शक्य नव्हतं. आजही हात जड आहे, पण लिहून टाकते.

शाळेचा हॉल घेतला होता. साठ-सत्तर माणसं. मी लवकर जाऊन तक्ता टांगला आणि मागच्या खुर्चीवर बसले. नवी येऊन पाणी देऊन गेली. तो लांबूनच मान हलवून गेला. अण्णा नवा सदरा घालून, दाढी नीट केलेली. उभे राहिले, तक्त्याच्या डाव्या कडेला हात टेकवला आणि सुरुवात केली.

चार रांगा धडाधड. प्रत्येक चौकटीवर हात, नाव, एक वाक्य. कोण चिडका होता, कोण पोहायचा. लोक टाळ्या वाजवायला लागले. आत्या सारखी म्हणत होती, "बघा, ऐंशीची स्मरणशक्ती!" पाचवी रांग. एक ते सहा बरोबर.

मग हात सातव्या चौकटीवर आला आणि अण्णा थांबले. आवाज बदलला. "ही सातवी. कागदोपत्री ही आता आमची कोणी नाही. पण माझी बायको आजारी होती तेव्हा हॉस्पिटलात तिच्या उशाशी ही बसली होती, आणि हा तक्ता हिनेच केला. हिला मी इथे ठेवलंय."

हात त्यांच्या मुलाच्या नावावर होता.

लोकांना वाटलं, गंमत करतायत. अण्णा पुढे सरकले. नवीच्या नावावर हात ठेवून म्हणाले, "हा माझा मुलगा." पुढच्या चौकटीवर, "ही माझी सून." आत्या मोठ्यांदा हसली. "अरे दादा, माझ्या टकल्या पोराला सून केलंस की रे!" हॉल हसला. अण्णाही हसले, सगळे हसतायत म्हणून. आणखी एक चौकट पुढे गेले. तीही चुकली. आता कोणी हसलं नाही.

अण्णांनी तक्त्याला नाक लावलं. कडेपासून परत बोटं मोजली. एक, दोन, तीन, अगदी सातपर्यंत. मग मागे वळले, मी जिथे बसले होते त्याच्या उलट्या बाजूला तोंड करून विचारलं, "अगं, तू काढलंस का स्वतःला?"

तेव्हा मला कळलं. सगळ्यांच्या बरोबरच.

तो पुढे गेला, त्यांचे दोन्ही हात धरले. "अण्णा, किती दिवसांपासून?"

"दोन वर्षं झाली असतील. माई होती तोवर तिच्या डोळ्यांवर चाललं."

"सांगायचं ना!"

"सांगितलं असतं तर उचलून नेलं असतंस तुझ्याकडे. माझ्या घरात मला भिंती माहीत आहेत."

त्याला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. घटस्फोटाच्या दिवशीसुद्धा नाही. मी मागच्या दाराने निघाले आणि बस सोडून चालतच घरी आले.

मागची पानं वाचली. पेपरच्या घड्या, कपातलं बोट, गालावरचा पट्टा, सगळं माझ्याच अक्षरात आहे. सरळ रांगा, सांधे नकोत, कोणी सरकायचं नाही. मी प्रोग्रामला शिव्या देत होते.

बुधवार, २२ मे

आमच्याच हॉस्पिटलात डोळ्यांच्या विभागात नेलं त्यांना. काचबिंदू. गेलेलं परत येत नाही. उजव्यात माणूस हलला तर कळतो, तेवढं तरी थेंबांनी टिकवायचं.

डॉक्टरांनी जुनी फाइल मागवली. मीच काढून आणली. दोन वर्षांपूर्वी एकटेच आले होते, थेंब लिहून दिले होते, परत आलेच नाहीत. म्हणजे ही फाइल तेव्हा माझ्याच हातून कपाटात गेली असणार. आम्ही नंबर बघतो, नावं वाचत बसलो तर दिवस पुरणार नाही.

तो बाहेर बाकावर होता. शेजारी बसले.

"मी तुला काढ म्हटलं नव्हतं," म्हणाला.

"नाही. म्हटलं नव्हतंस."

दोघंही मग बराच वेळ समोरच्या भिंतीवरची सूचना वाचत बसलो.

शुक्रवार, २४ मे

जेवणाच्या सुट्टीत नवी रेकॉर्ड रूमच्या दाराशी. आत यायला बिचकत होती. फायलींच्या ढिगातून एक स्टूल मोकळं केलं.

"ताई, एक विचारू? माझ्यासाठी काढलंत का नाव?"

"तुझे आईवडील येणार होते ना."

"त्यांना लग्नाआधीपासून माहीत आहे. आणि मुलीला पण. ती म्हणते, आजोबांकडे रविवारी येतात त्या." मग म्हणाली, "ह्यांनी मला विचारलंच नाही. विचारत नाहीत कधी."

मला हसू आलं. तिलाही आलं. मग आम्ही थेंबांचं ठरवलं. अण्णा घर सोडणार नाहीत, ते स्पष्टच आहे, आणि तोही आता आग्रह करत नाही. सकाळी नोकरीवर जाताना ती, संध्याकाळी तो, रविवारी दोन्ही वेळा मी. मला कोणी विचारलं नव्हतं, मीच म्हणून बसले. म्हणजे रविवार गेले ते गेलेच.

रविवार, २ जून

सकाळचे थेंब घातले. अण्णा रागावलेले असतील या धास्तीने गेल्या रविवारी नुसते थेंब घालून निघून आले होते. आज मीच म्हटलं, अण्णा, चुकलं माझं. सगळ्यांसमोर तुमचं...

"माझं काय झालं? एकदा कळायचंच होतं. बरं झालं, आता दिवसा दिवा लावायला हरकत नाही, तुमच्यासाठी." मग म्हणाले, "पण विचारायचं होतंस मला."

"हो."

"मीही सांगायला हवं होतं तुला. फिट्टंफाट."

नवीन तक्ता छापू का विचारलं. छाप म्हणाले, पण घाई करू नकोस, आधी जेव.

भात-भाजी केली, दोघं जेवलो. भांडी घासली. मग जरा टेकावं म्हणून बाहेरच्या पलंगावर आडवी झाले. त्या घरात बारा वर्षं राहिले, पण दुपारी कधी पाठ टेकल्याचं आठवत नाही. माई झोपायच्या, अण्णा झोपायचे, मी काहीतरी निवडत बसायचे.

जाग आली तेव्हा साडेपाच वाजले होते. धडपडून उठले, थेंबांची वेळ पाचची. अण्णा खुर्चीत बसलेले, औषधाची बाटली हातात, झाकण उघडं, दोन्ही गाल ओले.

"अहो, उठवायचं ना मला!"

"घोरत होतीस," म्हणाले. "माझे मीच घातले. बहुतेक."

गाल पुसले, मान मागे धरली, एका डोळ्यात एक, दुसऱ्यात एक, नीट घातले. पाच मिनिटं मिटून ठेवा म्हटलं. त्यांनी मिटले. मीही परत आडवी झाले.